बारा पॉइंट चार

बुधाजी मास्तरांची आठवण आली की मला पहिला राग येतो. दुःखबिख नंतर, आलंच तर. मास्तरांना जाऊन आता काही वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाविषयी लिहिताना आवाज खाली घ्यावा असा आपल्याकडे रिवाज आहे. मला तो जमायचा नाही. माझं सगळं आयुष्य आवाज चढवण्यात गेलं. वीस-बावीस वर्षं मी बैलगाडा शर्यतीत माइकवर पुकारा केला. जुन्नर म्हणा, आंबेगाव म्हणा, खेड म्हणा, कुठल्याही यात्रेत जुन्या माणसाला पांडूभाऊ विचारा, तो सांगेल.

माणूस खोटा पडला हे सांगायला आमच्याकडे शब्दांची पोती भरून ठेवलेली आहेत. तोंडावर आपटला, पितळ उघडं पडलं, बिंग फुटलं, लबाड निघाला, शेण खाल्लं. एक संपला की दुसरा तयार. आणि माणूस खरा निघाला तर? तेव्हा आमची जीभ टाळ्याला चिकटते. फार तर 'बरं बाबा, तुझंच खरं' म्हणतो, आणि तेही कशासाठी, तर समोरच्यानं आता गप्प बसावं म्हणून. एका माणसानं या गावाकडे नऊ वर्षं एक साधं वाक्य मागितलं. ते आम्ही त्याला दिलं नाही. शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधायला माणूस आणला. वाक्य दिलं नाही.

मास्तर आमच्या गावचे नव्हते. घोडेगावाहून पश्चिमेला जी एसटी डोंगरात चढते तिच्या अगदी शेवटच्या थांब्यापलीकडचं त्यांचं गाव. तिथं पावसाळ्यात भात आणि नाचणी, बाकी आठ महिने वारा. तिथून शिकून ते आमच्या प्राथमिक शाळेत आले आणि सतरा-अठरा वर्षं राहिले. ठेंगणे, हडकुळे, पायात टायरच्या चपला, आणि गळ्यात खणाची एक पिशवी. बायको पारूबाई यांनी जुन्या चोळीतून ती शिवून दिली होती. पिशवीत शाळेचं स्टॉपवॉच असायचं, चावीचं. सेकंदाचे दहा भाग दाखवायचं. दर रविवारी सकाळी रेडिओवर बातम्यांआधी जे ठोके पडतात त्यांना लावून ते घड्याळ तपासायचे. ठोके पडताना घरात कुणी शिंकलं तरी चालत नसे. पारूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "श्वास घिऊ का नगं, त्ये तरी सांगा."

या माणसाला अंदाज सोसत नसे. वर्गात कुणी 'मला वाटलं' म्हणालं की ठरलेलं उत्तर, "वाटलं हा शब्द बाहेर चपलांपाशी काढून ठेव आणि मग आत ये." एका पंधरा ऑगस्टला सरपंचांनी 'दोनच मिनिटं बोलतो' म्हणून सुरुवात केली. भाषण संपल्यावर आभार मानायला मास्तर उठले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सरपंचसाहेबांच्या एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांबद्दल शाळा आभारी आहे." पोरं खदाखदा हसली. सरपंच हसले नाहीत. मास्तरांना मात्र आपण काही विनोद केला हे कळलंच नव्हतं. त्यांनी नुसता आकडा सांगितला होता.

त्यांची थोरली मुलगी हिरा पळण्यात वाघीण होती. केंद्राच्या स्पर्धेत ती शिट्टीच्या अर्धा पाऊल आधी सुटली. पंचांच्या लक्षात आलं नव्हतं, पोरगी दोरी तोडून पहिली आली होती, आमची सगळी शाळा नाचत होती. मास्तर चालत पंचांपाशी गेले आणि म्हणाले, "तीन नंबरची पोरगी आधी सुटली. बाद करा." हिरा चार दिवस बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, "आबा, किती आधी सुटले व्हते?" मास्तर म्हणाले, "पॉइंट तीन सेकंद." ती म्हणाली, "मग बरोबर हाय." मला हे हिरानंच सांगितलं, आणि सांगताना तिला बापाचा अभिमान लपवता येत नव्हता.

आता अशा माणसाला बैलगाड्यांचं घड्याळ कसं मिळालं ते सांगतो. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. शर्यतीची चढणीची धावपट्टी. खाली रेषा, वर रेषा. खालच्या रेषेवर निशाण पडलं की घड्याळ सुरू, बैल वरची रेषा ओलांडतात तेव्हा बंद. चार बैल, त्यांच्यापुढं पळायला एक घोडी, आणि एका गाड्याच्या अशा एका धावेला म्हणायचं बारी. अकरा पॉइंटमध्ये आलेला गाडा पहिल्या नंबरात, बारा पॉइंटमध्ये आलेला दुसऱ्या. एका सेकंदाच्या फरकात घराण्याची मान वर होते किंवा खाली जाते. घड्याळ पूर्वी गावातल्याच कुणाकडे असायचं आणि दर खंडोबाच्या यात्रेला काठ्या निघायच्या, कारण घड्याळवाला कुणाचा तरी चुलता, कुणाचा तरी मेव्हणा. शेवटी म्हाताऱ्यांनी तोड काढली, "ज्याला गावात भावकी नाय, घड्याळ त्याच्या हातात द्या." गावात भावकी नसलेला सरळ माणूस एकच होता.

आणि काय सांगू, सहा यात्रा कुणाचा ब्र नाही. स्टेजच्या टोकाला खुर्ची टाकून मास्तर बसायचे, शेजारी मी माइक घेऊन. बारी झाली की ते पाटीवर खडूने आकडा लिहायचे आणि पाटी माझ्याकडे फिरवायचे. मी तो पुकारायचा. पहिल्याच वर्षी त्यांनी मला तंबी दिली होती. झालं होतं असं, की एक गाडा सुसाट आला आणि मी पाटी न बघताच 'अकरा, अकरा' म्हणून ओरडलो. आकडा अकराच निघाला. पण मास्तरांनी माइकवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पांडूभाऊ, आकडा माझा, आवाज तुमचा. आवाज आधी सुटला तर आकडा खोटा पडतो. पाटी फिरल्याबिगर तोंड उघडायचं नाय." मी हो म्हणालो. मला तेव्हा ते मास्तरकीचं खूळ वाटलं. वाटलं!

सातव्या यात्रेची गोष्ट. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमननी नवी बैलजोडी आणली होती. चेअरमन म्हणजे गावात जुनी जमीन, जुना वाडा, दहा घरांची भावकी, आणि मोठ्यानं हसायची सवय. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे उतरले होते, मुलीला बघून गेलेल्या घरचे. त्यांच्या बारीला सगळा घाट उभा राहिला. निशाण पडलं, बैल सुटले, खालून भंडाऱ्याचा पिवळा धूर उठला, आणि मी, गाढव, त्या धुरातून बैलांची शिंगं वर येताना बघितली आणि माझं भान सुटलं. "आली आली आली, झाली! अकरा! अकरा सेकंद! चेअरमनचा गाडा अकरा सेकंद!" चार कर्ण्यांतून आवाज चारी शिवारांत गेला. टोप्या उडाल्या. हलगी सुरू झाली. चेअरमनना पोरांनी खांद्यावर घेतलं.

मग मास्तरांनी पाटी फिरवली. बारा पॉइंट चार.

मी पाटीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. ते शांत होते. म्हणाले, "पुकारा." मी कसातरी पुकारला. घाट जो उसळला तो विचारू नका. आकडा बदलला! पाटी बदलली! आधी अकरा म्हणाले आणि मग बारा केले! चेअरमन खांद्यावरून उतरून स्टेजवर चढले. त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली पिशवी धरून त्यांना खुर्चीतून उठवलं.

"काय मास्तर, शेजारच्या गावच्या गाड्यावाल्यांनी काय पाजलं का?"

"बारा पॉइंट चार," मास्तर म्हणाले.

"आरं मंग अकरा कोन म्हनलं? भूत म्हनलं?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हे मी आजही विसरू शकत नाही, की त्यांनी मला दाखवून दिलं नाही. त्यांना वाटलं असावं, नव्हे, त्यांना खात्री असावी, की पांडूभाऊ स्वतःच बोलेल. बोलायचं होतं ते केवढं? पाटी फिरायच्या आधी मी ओरडलो, चूक माझी. इतकंच वाक्य. पण पाटी न बघता आकडा पुकारणाऱ्याला पुढच्या यात्रेला कुणी बोलावलं असतं? माझं नाव नुकतं कुठं व्हायला लागलं होतं. मी माइकची वायर तपासायला खाली वाकलो.

तिथून गर्दी खंडोबाच्या देवळात गेली. आमच्याकडे भांडण मिटत नसेल तर बेलभंडार उचलायला लावतात. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवापुढे सांगायचं की मी बोललो ते खरं. एकदा उचलला की विषय संपला. खोटं बोलला असलास तर देव बघून घेईल. कैक लबाडांनी आमच्या देवळात बेलभंडार उचलला आहे आणि ते अजून धडधाकट आहेत, ती गोष्ट निराळी. मास्तरांपुढं ताट आलं. मास्तरांनी हात मागं बांधले.

"उचला की वो मास्तर. खरं हाय ना तुमचं?"

"खरं हाय म्हनूनच उचलत नाय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता आणि चढला की त्यात डोंगर यायचा. "आज ह्या बारीला शपथ घेतली, तर उंद्याच्याला दर बारीला ताट आनाल. मंग घड्याळ कशाला? देवालाच खुर्चीवर बशिवा. आन मागल्या सहा वर्सांत मी शपथ घेतली नाय, त्ये सगळं खोटं व्हतं का?"

याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणसं काय करतात? ओरडतात. "खरा असता तर उचलला असता!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि तेच गावानं धरलं. त्यात आणखी एक वाक्य होतं, तेही लिहितो, कारण त्याशिवाय माझ्या गावाची पुरती ओळख व्हायची नाही. "डोंगरातल्या मानसाला घाटातलं काय कळतंय." सहा वर्षं कळत होतं तेव्हा कुणाला डोंगर दिसला नव्हता. भावकी नाही म्हणून ज्याच्या हातात घड्याळ दिलं, भावकी नाही म्हणूनच त्याच्या बाजूनं त्या देवळात एक माणूस उभा राहिला नाही.

पुढचं सगळं गावानं हसतखेळत केलं, याचाच मला जास्त संताप येतो. 'बुधाचा सेकंद' अशी म्हणच तयार झाली. रेशनवर साखर कमी आली, बुधाचा सेकंद. एसटी उशिरा आली, बुधाचा सेकंद. लग्नात मुहूर्त टळला तरी भटजींना कुणी म्हणायचं, तुमचं घड्याळ बुधाचं का? शाळेत फळ्यावर कुणीतरी १२.४ लिहून ठेवायचं. मास्तर तो आकडा पुसायचे नाहीत. त्याच्या बाजूला दशांश अपूर्णांकाची गणितं घालायचे. मीही एकदा परगावच्या घाटावर ही म्हण वापरली आणि टाळ्या घेतल्या. घेतल्या, नाकारत नाही.

दोन वर्षांनी गावातून अर्ज गेला आणि मास्तरांची बदली डोंगरातल्या शाळेवर झाली. सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला गेलो. पारूबाई माझ्या हातातून पातेलं काढून घेत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमचं हात दुखतील." मास्तरांनी जाताना विचारलं, "यात्रा कमिटीला पत्र लिवायचं तर कुनाच्या नावानं?" मी कमिटीचा सेक्रेटरी होतो. म्हणालो, माझ्या.

तेव्हापासून दरवर्षी यात्रेच्या पंधरा दिवस आधी एक पोस्टकार्ड यायचं. मोत्यासारखं अक्षर. मजकूर एकच: 'चेअरमन यांच्या गाड्याची वेळ बारा पॉइंट चार अशीच होती. कृपया यंदाच्या यात्रेत माइकवरून तसे जाहीर करावे.' खाली सही. ना शिवी, ना तक्रार, ना विनंतीचं लांबण. पहिल्या वर्षी कार्ड बैठकीत वाचलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. तिसऱ्या वर्षी नुसते 'आलं का?' म्हणाले. पाचव्या वर्षानंतर मी वाचायचं बंद केलं आणि थेट फायलीत टोचू लागलो. अशी नऊ वर्षं.

आणि मग खरं बाहेर आलं. कसं आलं ते ऐका. कुणाला उपरती झाली नाही, कुणाचं मन खायला उठलं नाही. चेअरमनचा पुतण्या सुदाम आणि चेअरमन यांच्यात वाटणीवरून जुंपली. एके दिवशी घोडेगावच्या स्टँडसमोर हॉटेलात आम्ही पाच-सहाजण चहा पीत होतो, सुदाम तावातावानं चुलत्याची लक्तरं वेशीवर टांगत होता, आणि बोलता बोलता म्हणाला,

"त्यो काय मानूस हाय व्हय! त्या मास्तरच्या वक्ताला मी सोता बांधावर घड्याळ घिऊन उभा व्हतो. चुलत्यानंच दिल्यालं, नवं. बारा पॉइंट पाच आलं माज्या घड्याळात. मी पळत जाऊन दावलं. तर म्हनतो कसा, खिशात टाक आन गप ऱ्हा, पावणं बघत्यात."

मी विचारलं, "कधी दाखवलंस?"

"तवाच. देवळात जायच्या आधी."

म्हणजे चेअरमनना माहीत होतं. ताट पुढं केलं तेव्हा माहीत होतं. मास्तरांचा गळा धरला त्यानंतर पाव तासात त्यांना कळलं होतं की तो मास्तर खरा आहे, उलट त्यानं पॉइंटभर कमीच दिला आहे, आणि तरी त्यांनी अकरा वर्षं त्याला गावाच्या तोंडी दिलं. आणि हे सांगणारा सुदाम? तोही अकरा वर्षं खिशात घड्याळ टाकून बसला होता. चुलत्यानं विहिरीकडचा तुकडा दिला असता तर जन्मभर बसला असता. मला वाटत होतं की मी त्यांच्यावर रागावलो आहे.

गोष्ट गावभर झाली. चेअरमनना कुणीतरी विचारलं तर ते नेहमीसारखं मोठ्यानं हसले, "जाऊ द्या वो, तवाचं तवा. यात्रा हाय, खेळ हाय." मग गावाला शरम वाटली, म्हणजे आमच्या पद्धतीनं वाटली: सत्कार करायचं ठरलं. बैठक बसली. पत्रिकेत काय लिहायचं यावर दोन तास गेले. एकजण म्हणाला, 'झालेल्या गैरसमजाबद्दल' लिहा. दुसरा म्हणाला, गैरसमज म्हटलं की कुणाचा ते आलं, 'जुने विसरून' लिहा. मी म्हणालो, सरळ लिहू, मास्तरांचा आकडा बरोबर होता. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवळात चपला घालून गेलो. सरपंच म्हणाले, "पांडूभाऊ, असं लिवलं की गाव खोटं पडतंय. यका मानसापायी सबंध गाव?" पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं, 'प्रदीर्घ शैक्षणिक सेवेबद्दल'.

बोलावणं घेऊन मीच डोंगरात गेलो. मास्तर तोवर रिटायर झाले होते, अंगणात नाचणी वाळत घातली होती. पत्रिका त्यांनी दोनदा वाचली. पारूबाई दारातूनच म्हणाल्या, "नारळ आमच्यात बी मिळत्यात." मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं. मला म्हणाले, "येतो. नारळ घ्यायला नाय. आकडा ऐकायला."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

यात्रेच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं एकटेच आले. धुतलेला शर्ट, काळी टोपी. गळ्यात पिशवी नव्हती. घड्याळ शाळेचं होतं, ते त्यांनी शाळेला परत केलं होतं. स्टेजवर त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. सरपंच बोलले, सोसायटीचे दोघं बोलले, मास्तरांनी घडवलेल्या पिढ्या वगैरे झालं. शाल उलगडली गेली तेव्हा मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आधी आकडा."

"कसला आकडा?" सरपंच म्हणाले, जणू काही माहीतच नाही.

"बारा पॉइंट चार. कागदात कुठं नाय. माइकवर सांगा, मंग घालीन शाल."

चेअरमन पुढं आले. आता ते थकले होते, पण हसू तेच. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला, "मास्तर, तुमचंच खरं! झालं? बसा आता." लोक हसले. टाळ्याही पडल्या.

मास्तरांनी तो हात खांद्यावरून काढून खाली ठेवला. "हसून नगा सांगू, चेअरमन. मी काय जेवायला रुसलोय का? अकरा कसं पुकारलं व्हतं? चार कर्न्यातनं. शेजारच्या गावाला ऐकू गेलं व्हतं. बारा बी तसंच पुकारा." मग ते पहिल्यांदा, तेवढ्या वर्षांत अगदी पहिल्यांदा, लोकांदेखत माझ्याकडे वळले. "पांडूभाऊ."

माइक माझ्या हातात होता. घाट भरलेला होता. खाली पहिला गाडा जुंपून उभा होता, बैल आवरत नव्हते. सरपंच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाऱ्या सुरू कर. गाडं खोळंबल्यात. नंतर बघू." मी तोंडाशी माइक नेला आणि पहिल्या गाड्याच्या मालकाचं नाव पुकारलं.

मास्तर भांडले नाहीत. शाल त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली, नारळ शेजारी ठेवला, आणि परत त्याच खुर्चीत बसले. जेवायला बोलवायला माणसं आली. ते म्हणाले, "ऐकून जातो." दुपारी ऊन फिरून त्यांच्या तोंडावर आलं तरी हलले नाहीत. माझ्यापासून वीस पावलांवर बसले होते. मी एकामागून एक बाऱ्या पुकारत होतो, दर बारीला पाटी बघून, अगदी नीट. लोक त्यांच्याकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. चेअरमन तर केव्हाच घरी निघून गेले होते.

शेवटची बारी संपली. माणसं पांगली, रेवड्यावाल्यांनी पाट्या उचलल्या, मंडपवाल्याची पोरं खुर्च्या गोळा करायला आली. सगळ्या खुर्च्या टेम्पोत गेल्या, एक राहिली. मंडपवाला नारायणगावकडचा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, उठता का? खुर्ची घ्यायचीय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. आता घाटावर ऐकायला कुणीच उरलं नव्हतं. आम्ही दोघं, मंडपवाला, आणि सुटलेल्या बैलांना घेऊन जाणारे दोन-चार गडी. आता बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? काहीच नाही. आणि तरी माझ्या तोंडातून शब्द निघेना. माइक मी तोंडासमोर धरून ठेवला होता, बंद करायचा राहिला होता, आणि चारही कर्ण्यांतून सबंध मोकळ्या शिवारावर माझा श्वास ऐकू येत होता. मोठा, फुललेला, पळून आलेल्या बैलासारखा. मास्तरांनी तो थोडा वेळ ऐकला. मग ते उठले, खुर्ची स्वतः मिटली, मंडपवाल्याच्या हातात दिली आणि एसटीच्या रस्त्याला लागले.